पीपीपीडीच्या फायलींचे डीफॉल्ट मार्ग: कंपाइल करतानाच बदलावेत, की /ईटीसी/पीपीपी आहे तसंच राहू द्यावं?

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, समजून घ्या. फायलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं आहेत.

आमच्या शेतकरी गटाने पालच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या मळ्यात एक छोटं लिनक्स बोर्ड बसवलंय. तापमान, हवेतली आर्द्रता आणि पानं किती वेळ ओली राहतात, एवढं ते नोंदवतं. करप्याची फवारणी कधी घ्यायची ते त्यावरून ठरवतो, म्हणून दिवसातून दोनदा नोंदी गावात पोचायलाच हव्यात. तिथे रेंज जेमतेम टूजीची. त्यामुळे बोर्डाच्या सिरियल पोर्टला सिम ८०० जातीचं मोड्यूल जोडलंय, आणि जोडणी जुन्या पद्धतीने, पीपीपीडीकडून (सिरियल तारेवरून इंटरनेट जोडून देणारा, पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम, म्हणजे डेमन).

दोन वर्षं २.४.७ बिनतक्रार चाललं. मग पीपीपीडीतल्या २०२० च्या सुरक्षा त्रुटीबद्दल वाचलं (सीव्हीई-२०२०-८५९७, ईएपी ही ओळख पटवण्याची पद्धत हाताळणाऱ्या भागातली). २.४.२ ते २.४.८ या सगळ्या आवृत्त्या त्यात येतात. म्हणून २.५.० चा सोर्स उतरवून स्वतः कंपाइल केला. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, नेहमीसारखंच. चूक एकही आली नाही.

आता पीपीपीडी चालू केला की मोड्यूल नंबरच फिरवत नाही. तीस सेकंद थांबतो आणि लॉगमध्ये एवढंच येतं की एलसीपीच्या (जोडणी सुरू करायच्या पहिल्या बोलणीच्या) विनंत्यांना उत्तर आलं नाही. माझ्या सगळ्या सूचना /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स या फायलीत आहेत, कमांडवर फक्त पोर्ट आणि वेग देतो. त्या फायलीत मुद्दाम एक चुकीचा शब्द घालून पाहिला, तरी तक्रार नाही. म्हणजे तो ती फाइल वाचतच नाहीये!

आणखी एक. वीज सारखी जाते-येते, त्यात दोन मेमरी कार्डं खराब झाली. म्हणून मूळ फाइलसिस्टिम मी फक्त वाचण्यापुरती ठेवलीय. मग सगळे मार्ग एकदाच हवे तिथे वळवून कंपाइल करावं का? जाणकारांनी सांगावं.

मिरचीपथार
डीफॉल्ट मार्ग म्हटल्यावर मला वाटलं शेवाळी फाट्याच्या रस्त्याचा विषय निघाला. धावत आलो. असू दे, आलोच आहे तर वाचतो.

अमळनेरची_ताई
रावेरवाले भाऊ, बायनरीलाच विचारा ती कुठे बघते ते. 'स्ट्रिंग्ज' ही कमांड पीपीपीडीच्या बायनरीवर चालवा आणि त्यातून 'ईटीसी' असलेल्या ओळी गाळून घ्या. मार्ग कंपाइल होताना बायनरीत कोरले जातात, त्यामुळे ते तिथे जसेच्या तसे दिसतात. मला वाटतं तुम्हाला /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीपीपी दिसेल.

केळीबाग_रावेर
ताई, अगदी तेच! प्रत्येक ओळीला पुढे /यूएसआर/लोकल लागलंय. पण २.४.७ पण मी असंच कंपाइल केलं होतं, तेव्हा बायनरी /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये गेली तरी सूचना /ईटीसी/पीपीपीमधूनच वाचायची. आताच असं काय झालं?

पांझराकाठ
कारण मधल्या काळात बांधणीची रीतच बदलली. २.४ च्या मालिकेत सगळे मार्ग पाथनेम्स.एच नावाच्या एका हेडर फायलीत हाताने लिहिलेले होते. /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स, पासवर्डच्या पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स, जोडणी झाल्यावर आणि तुटल्यावर चालणाऱ्या आयपी-अप आणि आयपी-डाउन, पीअर्स ही डिरेक्टरी, झाडून सगळे. त्यांच्या पुढे 'रूट पाथ' नावाचा एक मॅक्रो होता आणि तो रिकामा असायचा. बायनरी कुठेही टाका, ती वाचणार /ईटीसीतूनच.

२०२३ मध्ये २.५.० आलं ते ऑटोकॉन्फ हे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन घेऊन. ऑटोकॉन्फचा रिवाज असा, की तुम्ही काही सांगितलं नाही तर सगळ्याचं मूळ /यूएसआर/लोकल धरायचं, आणि सेटिंगच्या फायली त्याच्याखालच्या ईटीसीत शोधायच्या. आज्ञा त्याच तीन, अर्थ बदलला. यात तुमची चूक नाही भाऊ, कित्येकांना ही ठेच लागलीय.

उपाय सरळ आहे. कॉन्फिगरला --सिसकॉन्फडिर=/ईटीसी, --लोकलस्टेटडिर=/व्हार आणि --रनस्टेटडिर=/रन असे तिन्ही द्या. पहिला एकटाच दिलात तर लॉग आणि पीआयडीच्या (चालू प्रोग्रामचा क्रमांक ठेवणाऱ्या) फायली /यूएसआर/लोकल/व्हारखाली जातील, आणि तुमच्या वाचण्यापुरत्या फाइलसिस्टिमवर तिथे लिहिताच येणार नाही.

गिरणामाई
मी या विषयात नवीन आहे, चाळीसगावला कॉलेजात शिकते. फाइल सापडलीच नाही तर तो तसं सांगत का नाही? गप्प का बसतो?

अमळनेरची_ताई
चांगला प्रश्न विचारलास गं. तो कोण चालवतंय यावर ते आहे. साध्या वापरकर्त्याने चालवला आणि मुख्य ऑप्शन्स फाइल नसेल, तर पीपीपीडी तिथेच थांबतो आणि फाइल उघडता आली नाही असं मार्गासकट सांगतो. रूटने, म्हणजे यंत्राच्या मालक-वापरकर्त्याने, चालवला तर ती फाइल असलीच पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो, न बोलता पुढे जातो. साध्या माणसाने मालकाने घातलेली बंधनं चुकवून जाऊ नये म्हणून हा फरक आहे. रावेरचे भाऊ रूटने चालवत असणार.

मग पुढचंही उलगडतं. 'कनेक्ट'ची ओळ त्या फायलीत होती, ती वाचलीच नाही, म्हणून चॅट (मोड्यूलला नंबर फिरवायला सांगणारा प्रोग्राम) सुरूच झाला नाही आणि नंबर फिरला नाही. पीपीपीडी मोड्यूललाच पलीकडचा सर्व्हर समजून एलसीपीची विनंती पाठवत राहिला. दहा विनंत्या, दर तीन सेकंदांनी एक, झाले तीस सेकंद.

केळीबाग_रावेर
हो, रूटनेच. ते तीस सेकंद कुठून येतात हे मला चार दिवस कळत नव्हतं!

भुसावळ_जंक्शन
वाचून फार बरं वाटलं. २००० च्या आसपास आम्ही रात्री एसटीडीचे दर उतरले की इंटरनेट लावायचो. घरात सगळे झोपलेले आणि बाहेरच्या मोडेमची ती किरकिर. मी मुद्दाम सिरियल पोर्टवाला मोडेम घेतला होता. कारण संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकायचे आणि लिनक्सवर गप्प पडून राहायचे. जून महिन्यात पहिला गडगडाट झाला की टेलिफोनची तार उपटून ठेवायची. एकदा विसरलो आणि मोडेम जळून गेला. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि आमच्या घरी ते पोचायला पुढची पाच वर्षं गेली.

सांगायचं ते हे, की तेव्हा शिकलेलं /ईटीसी/पीपीपी आजही तिथेच सापडतं. मधे पंचवीस वर्षं गेली, तरी अंधारात हात घातला तर दिव्याचं बटण जागेवर आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, मार्ग बदलू नका. तुम्ही उद्या नसाल तेव्हा गटातलं दुसरं कुणी त्या बोर्डासमोर बसेल. ते माणूस मॅन्युअल उघडेल, मॅन्युअलमध्ये /ईटीसी/पीपीपी लिहिलेलं असेल, आणि फाइल तिथे नसेल. काय करेल ते?

शिरपूर_बायपास
पण पीपीपी हवंच कशाला? हल्लीच्या फोरजी डोंगलला क्यूएमआय किंवा एमबीआयएम असतं, ते सरळ नेटवर्क कार्डासारखं वागतं. डायल नको, चॅट नको, काही नको.

केळीबाग_रावेर
दादा, फोरजीची रेंज असती तर तेच केलं असतं. त्या मळ्यात फोन कानाला लावून बांधावर चढावं लागतं तेव्हा आवाज येतो. आणि मोड्यूलला यूएसबी नाही, दोन तारांचा सिरियल आहे. तिथे पीपीपीच.

शिरपूर_बायपास
मग बरोबर आहे. माझा मुद्दा मागे घेतो.

पांझराकाठ
भुसावळचे नाना, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. मी धुळ्यात राउटरसारख्या छोट्या उपकरणांवर काम करतो. तिथे मूळ फाइलसिस्टिम दाबून बंद केलेली असते, लिहिता येत नाही. अशा ठिकाणी मार्ग बदलणं ही हौस नसते, गरज असते. म्हणून 'बदलू नका' असं सरसकट म्हणण्यापेक्षा फायलींचे दोन ढीग करावेत असं मला वाटतं.

पहिला ढीग, पीपीपीडी ज्या फक्त वाचतो किंवा चालवतो त्यांचा. ऑप्शन्स, दोन्ही सीक्रेट्स, पीअर्स, आयपी-अप, आयपी-डाउन. या /ईटीसीतच शोभतात, त्यांना हात लावायचं कारण नाही.

दुसरा ढीग, तो ज्या स्वतः लिहितो त्यांचा. पीआयडीची फाइल, चालू जोडण्यांची नोंद ठेवणारी पीपीपीडी२.टीडीबी, चॅटच्या चुका उतरवणारी कनेक्ट-एरर्स, आणि पलीकडून मिळालेल्या डीएनएसची (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची) रिझॉल्व्ह.कॉन्फ. जुन्या २.४ मध्ये यातल्या कनेक्ट-एरर्स आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ याही /ईटीसी/पीपीपीतच लिहिल्या जायच्या. इतकंच नाही, कंपाइल करताना पाथ्स.एच हे हेडर असल्याचं सांगितलं नाही तर पीआयडीसुद्धा तिथेच. वाचायचं आणि लिहायचं एकाच खोलीत! घरात बियाण्याची कोठी वेगळी आणि रोजच्या दाण्याची वेगळी असते ना, तसं करा. पहिला ढीग /ईटीसीत राहू द्या, दुसरा /रन आणि /व्हारकडे जाऊ द्या.

भुसावळ_जंक्शन
हे पटलं. माझं म्हणणं पहिल्या ढिगापुरतंच होतं असं समजा. लॉग कुठे पडतो याला माझी हरकत नाही.

लेवाबोली
सोर्समध्ये जायलाच हवं का? /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीपीपी या नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) करून /ईटीसी/पीपीपीकडे वळवली की झालं. एका मिनिटाचं काम. बठ्ठं व्हई जाई भो.

अमळनेरची_ताई
होईल, पण मी करणार नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या कॉलेजच्या एका सर्व्हरवर आधीच्या माणसाने अशाच सिमलिंक करून ठेवल्या होत्या. बॅकअप घेताना लिंक आली, आतला मजकूर नाही. यंत्र बदललं त्या दिवशी सीक्रेट्सची फाइल कुठेच नव्हती, आणि पासवर्ड कुणाला पाठ नव्हता. दोन दिवस मुलांची प्रयोगशाळा बंद राहिली. सोर्स हाताशी आहे, तीन शब्द जोडून परत कंपाइल करायचं आहे, तर ठिगळ कशाला?

लेवाबोली
बॅकअपचं लक्षात आलं नव्हतं ताई. मान्य.

अमळनेरची_ताई
आणि रावेरचे भाऊ, आणखी एक सुचवते. सगळं मुख्य ऑप्शन्स फायलीत कोंबू नका. ती फाइल त्या यंत्रावरच्या प्रत्येक जोडणीला लागू होते. मळ्यातल्या जोडणीसाठी पीअर्समध्ये 'मळा' नावाची वेगळी फाइल करा आणि 'कॉल मळा' असं सांगून पीपीपीडी चालवा. तीन फायदे. फाइल सापडली नाही तर रूट असो नसो, तो मार्गासकट ओरडतो, म्हणजे या वेळी चार दिवस गेले ते एका मिनिटात कळलं असतं. दुसरं, साध्या वापरकर्त्याने चालवला तरी 'नोऑथ'सारखे खास अधिकाराचे ऑप्शन त्या फायलीतून घेतले जातात, मग रूटची गरज उरत नाही. तिसरं, कॉलच्या नावाची सुरुवात तिरप्या रेघेने करता येत नाही, त्यात दोन टिंबं घालून वरच्या डिरेक्टरीतही जाता येत नाही. म्हणजे भलतीकडची फाइल कुणी पुढे करू शकत नाही.

गिरणामाई
मग कोणती फाइल आधी वाचली जाते? दोन ठिकाणी एकच ऑप्शन असेल तर कुणाचं चालतं?

पांझराकाठ
आधी /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स. मग वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतली .पीपीपीआरसी. मग कमांडवर लिहिलेलं, 'कॉल'ची फाइल त्याच ओघात येते. आणि पोर्टाच्या नावाची ऑप्शन्स.टीटीवायएस० सारखी फाइल असेल तर ती सगळ्यांत शेवटी. पोर्टाच्या नावातलं सुरुवातीचं /डेव्ह/ गळतं आणि उरलेल्या तिरप्या रेघांची टिंबं होतात, हे ध्यानात ठेव. नाहीतर फाइल बरोबर लिहूनही सापडत नाही.

साधारणपणे नंतरचं आधीच्यावर चढतं. पण रूटने ठरवलेल्या काही गोष्टी साध्या वापरकर्त्याला पुसता येत नाहीत.

मिरचीपथार
मला वाटलं होतं दोन मिनिटांत परत जाईन. वीस मिनिटं झाली, चहा गार झाला. एक विचारू का, हा पीपीपी केला कुणी?

भुसावळ_जंक्शन
पीपीपी हा करार आहे आणि पीपीपीडी हा तो पाळणारा प्रोग्राम. कराराचं आजचं मूळ टिपण आरएफसी १६६१, जुलै १९९४ चं. प्रोग्रामची सुरुवात १९८९ च्या सुमाराला अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या पॉल मॅकेरास यांनी तो कित्येक वर्षं सांभाळला. तुमच्या घरच्या ब्रॉडबँडला यूजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तिथेही बहुधा हेच आहे, पीपीपीओई. त्याचं टिपण १९९९ चं. डायल-अप गेलं असं म्हणतो आपण, पण त्याचा हा डेमन अजून कित्येक घरांतल्या राउटरमध्ये जागा आहे.

मिरचीपथार
आमच्या नंदुरबारच्या घरातल्या राउटरला लागतं यूजरनेम! म्हणजे विषय माझाच निघाला की.

केळीबाग_रावेर
काल रविवारी मळ्यात जाऊन आलो. ऊन काय विचारू नका, बोर्डाची पेटी हात लावू देत नव्हती. ती आता केळीच्या सावलीत उत्तरेकडे हलवली.

तिन्ही ऑप्शन देऊन परत कंपाइल केलं. पीअर्समध्ये 'मळा' केली. पहिल्या फटक्यात नंबर फिरला, आयपी मिळाला. आनंद झाला! पण नावाने काहीच उघडत नाही, फक्त आकड्यांच्या पत्त्याने जातं. लॉगमध्ये आलंय की रिझॉल्व्ह.कॉन्फ तयार करता आली नाही. 'यूजपीअरडीएनएस' दिलेलं आहे.

म्हणून /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डीमध्ये डीएनएस.एसएच नावाची स्क्रिप्ट टाकली, डीएनएसचे पत्ते /रनमध्ये लिहायला. चालवण्याची परवानगी दिली. हाताने चालवली तर चालते. जोडणी झाल्यावर मात्र चालत नाही. स्क्रिप्टच्या आत छापलेलं काही दिसतही नाही.

पांझराकाठ
रिझॉल्व्ह.कॉन्फचं अपेक्षितच होतं, ती दुसऱ्या ढिगातली एकटी अजून /ईटीसीकडे जातेय आणि तिथे लिहायला बंदी. स्क्रिप्टचा तुमचा विचार बरोबर आहे. 'यूजपीअरडीएनएस' दिलं की पत्ते आयपी-अपला डीएनएस१ आणि डीएनएस२ या नावांनी मिळतातच. पण ती चालत का नाही ते बघावं लागेल. छापलेलं दिसणार नाही, कारण आयपी-अपचं इनपुट आणि आउटपुट दोन्ही /डेव्ह/नलला जोडलेलं असतं. लॉगरने सिसलॉगमध्ये लिहून बघा. आणि आत प्रत्येक कमांडचा पूर्ण मार्ग द्या, तिथे वातावरण जवळपास कोरं असतं.

गिरणामाई
एक सांगू? मी काल रात्री डेबियनच्या रन-पार्ट्सचं मॅन्युअल वाचत बसले होते, या धाग्यामुळेच. त्यात लिहिलंय की फाइलच्या नावात अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि जोडरेघ एवढंच चालतं. आयपी-अप.डीतल्या स्क्रिप्ट रन-पार्ट्सच चालवतो ना? मग डीएनएस.एसएच या नावातलं टिंब नडत असेल का?

अमळनेरची_ताई
शाब्बास! अगदी बरोबर. नावात टिंब दिसलं की रन-पार्ट्स ती फाइल गुपचूप सोडून देतो. भाऊ, शेवटचं .एसएच काढून टाका, दुसरं काही बदलू नका.

केळीबाग_रावेर
गिरणामाई, ताई, पांझराकाठ दादा, नाना, चालू झालं! नाव नुसतं 'डीएनएस' केलं आणि जोडणी झाल्याबरोबर /रनमध्ये फाइल तयार. संध्याकाळच्या नोंदी साडेसहाला गावात आल्या, ओळीन् ओळ.

मूळ प्रश्नाचं मी ठरवलं ते असं. वाचायच्या फायली /ईटीसी/पीपीपीतच. लिहायच्या /रन आणि /व्हारमध्ये. पाथनेम्स.एचला हात लावला नाही. कॉन्फिगरची पूर्ण ओळ कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली, नानांचं म्हणणं मनात राहिलं म्हणून. /व्हार/लॉग मेमरीत असल्यामुळे त्यातली पीपीपी डिरेक्टरी दर वेळी सुरू होताना उडायची, ती टीएमपीफाइल्स.डीमध्ये एक ओळ लिहून परत तयार करून घेतो.

अमळनेरची_ताई
छान झालं. आता जाता जाता पॅप-सीक्रेट्सची परवानगी बघा. फक्त रूटला वाचता यावी, ६००. नाहीतर पीपीपीडी दर वेळी इशारा देत राहील, आणि तो योग्यच आहे.

पांझराकाठ
आणि ज्यांना स्वतः कंपाइल करायचं नाही त्यांच्यासाठी, डेबियनसारखी वितरणं त्रुटीची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवून देतात. आकडा २.४.७ दिसला म्हणजे भोक उघडंच आहे असं नाही, पॅकेजच्या नोंदी वाचून खात्री करा.

केळीबाग_रावेर
हे आधी माहीत असतं तर कदाचित कंपाइलच केलं नसतं. पण मग एवढं कळलंही नसतं. परवानगी ६४४ होती ताई, आत्ता दुरून लॉगिन करून ६०० केली.

दुसरं बोर्ड पुढच्या महिन्यात यावलच्या बाजूला बसवतोय, पावसाच्या आत. गिरणामाई, सुट्टीत येणार असशील तर घरच्यांना घेऊन ये. भरीत-कळण्याची भाकरी आमच्याकडे.

गिरणामाई
येते दादा. चॅटची स्क्रिप्ट मी लिहू का त्या वेळी?

केळीबाग_रावेर
तूच लिही.